प्रति: एक व्हिडिओ पाहिजे असतो, अख्खी प्लेलिस्ट डाउनलोड होते

यूट्यूबवरचा एकच व्हिडिओ डाउनलोड करायचा तर शेअर बटणातनंच लिंक घ्यावी असं वर कुणी म्हटलंय ते बरोबर, पण अॅड्रेस बारमधली घेतली तरी बिघडत नाही की, यूट्यूबला लागतात फक्त 'व्ही बरोबर' (v=) च्या पुढची ११ अक्षरं, त्यापुढं अँडचं चिन्ह (&) लावून लिस्ट, इंडेक्स असलं काय चिकटलं असेल ते सरळ उडवायचं, प्लेलिस्टची भानगड तिथंच मिटते. ती ११ अक्षरं हातानं टाइप मात्र करू नका, कॅपिटल-स्मॉल वेगळं धरतात.

कुणी वायटी-डीएलपी (yt-dlp, कमांड टाइप करून व्हिडिओ डाउनलोड करायचा प्रोग्रॅम) वापरत असेल तर अजून एक, हे इथं कुणी लिहिलं नाही. आमच्या मंडळाच्या चॅनेलवरचे गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे व्हिडिओ (नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा) मी त्यानंच हार्डडिस्कवर घेतो. लिंक डबल कोटमध्ये टाकायची, नाहीतर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला अँडच्या चिन्हापाशी कमांड संपली असं वाटतं आणि पुढचं दुसरी कमांड समजून एरर फेकतो. आणि व्हॉट्सअॅपवर मेसेज दाबून कॉपी केला तर लिंकसोबत मेसेजात वर लिहिलेलं 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' (यात्रेतला जयघोष) पण पेस्ट होतं, डाउनलोडर बिचारा काय करणार, त्यापेक्षा लिंक उघडून तिथनं कॉपी करा.