मदत हवी आहे: रताळ्याचा वेल जोमात, पण खाली रताळीच धरत नाहीत

नमस्कार मंडळी,
सातारा जिल्ह्यात राहते. परसात यंदा पहिल्यांदाच रताळी लावली आहेत. आषाढात पाऊस धरल्यावर शेजारच्या काकूंनी वेल दिला, त्याचे तीन-चार डोळ्यांचे वीतभर तुकडे करून सपाट वाफ्यात लावले. जमीन काळी, चिकट. शेणखत भरपूर घातलं आहे, मधूनमधून युरियाही देते. वेल दोडक्याच्या मांडवाखाली पार पसरलाय. कोवळ्या पानांची लसूण घालून भाजी करतो, ती फार छान होते.

पण काल बुंध्याशी माती उकरून पाहिली तर करंगळीएवढ्या मुळ्या! शिवाय एका वेलाचा बुंधा फुगून तडकल्यासारखा दिसतोय. सासूबाईंचे नवरात्राचे उपास असतात, त्यांना घरच्या रताळ्यांचा कीस करून घालायची फार इच्छा आहे. वेल छाटू का? काढणीची वेळ कशी ओळखायची? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद १
ताई, युरिया आजच थांबवा. युरियातलं नत्र जास्त झालं की रताळं सगळा जोर पाल्यात घालवतं. त्याला पालाश (पोटॅश) हवं, ते राखेत असतं. चुलीची लाकडाची राख मिळाली तर बुंध्याभोवती मूठ-मूठ टाका. वेल सरसकट छाटू नका, पानंच रताळी पोसतात. भाजीपुरते शेंडे खुडा. मात्र वेल अधूनमधून उचलून फिरवा. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि पोषण वाटलं जातं. आमच्याकडे दापोलीला हे काम मुलंसुद्धा करतात. पुढच्या वर्षी दापोली कृषी विद्यापीठाची ‘कोकण अश्विनी’ जात मिळाली तर जरूर लावा.

प्रतिसाद २
फुगलेल्या बुंध्याकडे आधी बघा. तो उभा चिरा. आत पांढरी अळी आणि भुसा दिसला तर सोंड्या भुंगा आहे. अळी आत पोखरते, त्यामुळे वरून फवारून फारसं हाती लागत नाही, आणि पोखरलेलं रताळं कडू होतं, ते गुरांनाही घालू नका. तो वेल मुळासकट काढून जाळा. बाकीच्यांना दोन्ही बाजूंनी माती ओढून वरंबा करा. काळ्या मातीला भेगा पडतात, त्यातूनच भुंगा उघड्या रताळ्यांपर्यंत पोचतो. भेगा दिसल्या की बुजवत जा. वरंब्याने पाणीही साचणार नाही आणि रताळ्यांना फुगायला भुसभुशीत जागा मिळेल. पुढच्या लावणीला वेलाच्या शेंड्याकडचेच तुकडे घ्या, बुंध्याकडच्या जुन्या भागात अंडी असण्याची शक्यता जास्त. जागाही बदला.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. बुंधा चिरला, अळी निघाली. तो वेल जाळला. वरंबे करायला आजच सुरुवात केली. नवरात्रापर्यंत जमेल का?

प्रतिसाद २
खरं सांगायचं तर घाई करू नका. पिकाला साडेतीन-चार महिने लागतात, म्हणजे तुमची रताळी कार्तिकी एकादशीच्या सुमारास येतील. खालची पानं पिवळी पडू लागली की एक रताळं काढून कापा. चीक लगेच सुकला तर तयार, काळपट पडला तर अजून थांबा. काढणीआधी काही दिवस पाणी तोडा. काढल्यावर धुऊ नका, आठवडाभर सावलीत हवेशीर ठेवा, गोडी वाढते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, गाभा कडक होतो आणि शिजतच नाही.