ट्रम्पेटचे ग्रीस आणि पांढरा शर्ट
कार्यक्रमाच्या पांढऱ्या शर्टावर पडलेला ट्रम्पेटच्या ग्रीसचा डाग लगेच गरम पाण्यात भिजवावा, असे काहीजण सुचवतात; त्याच्याशी मी सहमत नाही. ट्यूनिंग स्लाइडला (सूर जुळवण्यासाठी मागेपुढे सरकवायच्या नळीला) लावतात ते ग्रीस बहुधा लॅनोलिन किंवा पेट्रोलियम जेलीसारखे घट्ट असते आणि नुसत्या पाण्याला दाद देत नाही. म्हणून आधी चमच्याच्या कडेने, न घासता, वरचा थर उचलावा, टाल्कम पावडर भुरभुरून अर्धा तास ठेवावी आणि शर्ट कोरडा असतानाच भांड्यांचे लिक्विड बोटाने डागात जिरवावे. डागाला हिरवट-काळी छटा येते ती पितळेच्या कळंकामुळे. डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री मात्र फिरवू नये (माझा एक शर्ट त्यातच कामातून गेला). काळा लोकरी कोट असल्यास तो थेट ड्रायक्लीनिंगला द्यावा आणि डाग कशाचा आहे ते सांगावे.