परिचर्येमागचं 'तत्त्वज्ञान' की आणखी काही?

कोयरी: नर्सिंगच्या मुलींसाठी उपशामक परिचर्येची (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात माणसाचा त्रास कमी करणारी देखभाल) पुस्तिका मराठीत करतेय. पहिल्या प्रकरणाला 'परिचर्येमागचं तत्त्वज्ञान' असं नाव दिलं, तर तपासणाऱ्या सिस्टरांनी काट मारली. म्हणे, "मरणाच्या दारातल्या माणसापुढे तत्त्वज्ञान झाडायचं नसतं." दुसरा शब्द सुचवा.

जुनं_खोड: 'दर्शन'.

कोयरी: मुली विचारतील, रांग कुठेय?

नाईट_ड्यूटी: नाव काहीही ठेवा, आत सिसिली सॉन्डर्स हवी. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळणारी जागा. तिचं म्हणणं, दुखणं शरीराचं, मनाचं, नात्यागोत्याचं आणि आत्म्याचं, सगळं मिळून एकच असतं. आमच्याकडे एक आजोबा मॉर्फिन वेळेवर मिळूनही कण्हायचे. भावाशी अबोला होता. भाऊ येऊन बसला, त्या रात्री झोपले. चार्टवर हे कुठल्या रकान्यात लिहू?

जुनं_खोड: आपला 'शुश्रूषा' बघा! मूळ अर्थच 'ऐकण्याची इच्छा'. सगळं तत्त्वज्ञान त्यात आलं.

शेंडीवाला: अर्धवट व्युत्पत्ती. ती गुरूची शुश्रूषा: आज्ञा ऐकायची, सेवा करायची. पेशंटचं मनोगत नव्हे.

जुनं_खोड: 'पेशंट' काय? रुग्ण म्हणा.

नाईट_ड्यूटी: वॉर्डात 'रुग्ण' फक्त फॉर्मवर असतो. तिथे आजी, काका, ताई.

सालंकृत: 'उपशामक'च मुळात रुक्ष. आयुर्वेदात 'याप्य' आहे: बरा न होणारा, पण औषध चालू तोवर आटोक्यात राहणारा रोग.

शेंडीवाला: मग बीपीवाले सगळे याप्य! वांद्र्याला १९८६ साली निघालेल्या हॉस्पिसचं नाव 'शांती अवेदना सदन' आहे. 'अवेदना' कुणाला जड गेलं का?

सालंकृत: इंग्रजी 'पॅलिएटिव्ह'चं मूळ लॅटिन 'पॅलियम', म्हणजे झगा. म्हणजे पांघरूण घालणं.

कोयरी: मराठीत पांघरूण भानगडींवर घालतात हो.

नाईट_ड्यूटी: घालतातच की. "बाबांना कॅन्सर सांगू नका", रोजचं आहे. बाबा मला एकटीला गाठून विचारतात, "सिस्टर, खरं काय?" खोटं बोलायचं नाही आणि मुलाला तोंडघशीही पाडायचं नाही. मी उलट विचारते, "तुम्हाला काय वाटतंय?" बहुतेकांना ठाऊक असतं.

जुनं_खोड: डॉक्टरांचं काम ते.

नाईट_ड्यूटी: डॉक्टर राउंडला येऊन जातात. रात्री तीनला बेल मी ऐकते.

शेंडीवाला: तरी मुद्दा राहतोच. मुलाला विचारल्याशिवाय सांगणं बरोबर नाही.

सालंकृत: शरीर कुणाचं, मुलाचं की बापाचं?

शेंडीवाला: आपल्याकडे आजार घराचा असतो.

सालंकृत: आणि केमो एकट्याला!