पैसा नसलेल्या देशातल्या महापालिका डिजिटल म्हणजे नेमकं काय करतात?

चेंबूरची_मुलगी
नमस्कार मंडळी, एमएच्या प्रोजेक्टला विषय घेतलाय की गरीब देशातल्या महापालिका डिजिटल काय नवीन करतात. वाचायला बसले तर जिकडेतिकडे अ‍ॅप आणि पोर्टल एवढंच. आणि माझा अनुभव असा की गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार एका अ‍ॅपवर टाकली, दोन दिवसात 'निवारण झाले' असा मेसेज आला, पाणी मात्र होतं तिथेच. तर असं एखादं उदाहरण आहे का जिथे लोकांना खरंच फरक पडला? सर म्हणाले सिएरा लिओनमधलं फ्रीटाऊन बघ, पण तिथे नेमकं काय बघू?

दादर_पश्चिम
घरपट्टी बघ! २०१८ ला इव्हॉन अकी-सॉयर तिथे महापौर झाल्या तेव्हा घरपट्टी नुसत्या क्षेत्रफळावर होती, म्हणजे डोंगरावरचा बंगला आणि पत्र्याचं घर, चौरस फूट सारखे तर कर जवळपास सारखा. आपल्याकडे २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी होते, रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे दर हाताशी असतात म्हणून ते जमतं, तिथे घरांच्या खरेदीविक्रीच्या भरवशाच्या नोंदीच नाहीत. मग त्यांनी सॅटेलाइट फोटोवरून छपरं मोजली, माणसं पाठवून बाहेरूनच दिसेल ते टिपलं, छप्पर कसलं, भिंती कसल्या, दारापर्यंत रस्ता येतो का, त्याला पॉइंट दिले आणि त्यावरून कर ठरवला. यादीत आधी साधारण ५७,००० मालमत्ता होत्या त्या १,२०,००० च्या वर गेल्या. सगळ्यात महागड्या २० टक्के घरांचा कर तिपटीच्या वर गेला आणि सगळ्यात गरीब २० टक्क्यांचा निम्म्याहून कमी झाला. मला यातलं हे शेवटचं सगळ्यात मोठं वाटतं.

मुलुंडकर_काका
बाळ, मी मुंबईबाहेरच्या एका नगरपरिषदेत कर विभागात नोकरी केली, चार चतुर्वार्षिक आकारण्या पाहिल्या. वरच्यांनी छपरं मोजली लिहिलंय, पण छपरावरून घर सापडतं, मालक सापडत नाही, आणि बिल मालकाच्या हातात पडेपर्यंत त्या फोटोचा उपयोग शून्य. त्यासाठी घराला नंबर लागतो, दारोदार जाणारा माणूस लागतो. दुसरं म्हणजे हरकती. आमच्याकडे माणूस चिडून यायचा की शेजाऱ्याला कमी आणि मला जास्त का, तर त्याला समजेल असं उत्तर देता यायलाच हवं. पॉइंटचं बरं एवढंच की तुझ्या दारापर्यंत रस्ता आहे म्हणून इतके, असं समोर बोट दाखवून सांगता येतं, नाहीतर कॉम्प्युटरने काढलंय म्हटलं की माणूस जास्तच भडकतो. तू प्रोजेक्टमध्ये हरकती कोण ऐकतं, कशा ऐकतं ते जरूर शोध.

दादर_पश्चिम
काका, अगदी बरोबर. तिथे रेडिओवर कार्यक्रम घेऊन लोकांचे फोन घेतले, कर कसा काढला ते समजावलं. आणि वॉर्डातून जमलेल्या कराचा काही भाग त्याच वॉर्डात वापरायचा, काम कुठलं ते लोकांनी ठरवायचं, असंही ठेवलं.

माहीम_कॉजवे
फ्रीटाऊनची झाडंपण बघ, २०२० पासून लावलेल्या प्रत्येक रोपाची जागा फोनवर नोंदवतात आणि रोप जगलंय का ते पुन्हा जाऊन बघणाऱ्याला मोबाईल मनीने पैसे मिळतात. २०१७ ला तिथे दरड कोसळून हजाराच्या वर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यामुळे डोंगरावर झाड जगणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. मोझांबिकमध्ये मापुतोला कचऱ्याची तक्रार साध्या बटणवाल्या फोनवरून करायची सोय केली होती, नेटपॅक लागत नव्हता.

चेंबूरची_मुलगी
थँक्यू सगळ्यांना, काका तुम्हाला तर खूपच! विषय बदलतेय, आता फक्त घरपट्टी आणि हरकती. काका, तुमच्या वेळी हरकतीचा अर्ज लोक स्वतः लिहायचे की कुणाकडून लिहून घ्यायचे? ज्यांना लिहिता येत नव्हतं ते यायचे का तुमच्याकडे?

मुलुंडकर_काका
बहुतेक जण बाहेर बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्याकडून लिहून आणायचे. बायका फार कमी यायच्या, घर त्यांच्या नावावर असलं तरी. फ्रीटाऊनला काय होतं ते कळलं तर इथे नक्की टाक.