नियम सर्व्हरवरच लिहा
गेमच्या सर्व्हरवर खेळायला डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपचं खातं सक्तीचं केलं की त्रास देणारी पोरं गाळली जातात, असं काहीजण म्हणतात. फाइव्हएमवरच्या (जीटीए 5 चे स्वतंत्र सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) रोलप्ले सर्व्हरांपुरतं, म्हणजे जिथे एखादं पात्र बनून खेळायचं असतं तिथे, मला ते पटतं. तिथे आधी अर्ज, मग मुलाखत असा रिवाजच आहे. पण माइनक्राफ्टच्या साध्या सर्व्हरला कशाला? त्याच्या जावा आवृत्तीत व्हाइटलिस्ट, म्हणजे प्रवेशाची परवानगी असलेल्या खेळाडूंची यादी, मुळातच आहे, सर्व्हरच्या कन्सोलवर 'व्हाइटलिस्ट अ‍ॅड' आणि खेळाडूचं नाव टाकलं की झालं. माझ्या भाच्याला एका सर्व्हरने 'आधी डिस्कॉर्ड खातं जोडा' म्हणून बाहेरच काढलं. तो 11 वर्षांचा, आणि डिस्कॉर्डवर किमान वय 13. म्हणजे पोरांनी वय खोटं सांगायचं? शिवाय नियम, बंदीची कारणं सगळं त्या चॅटमध्ये गाडलेलं. गूगलवर शोधून सापडत नाही. जोडणी ऐच्छिक ठेवा आणि नियम स्पॉनपाशीच, म्हणजे खेळाडू गेममध्ये जिथे पहिल्यांदा उतरतो तिथेच, पाटीवर लिहा.