शोधनिबंधासाठी मूळ डेटा मागितला आहे. चार वर्षांच्या फायली कशा लावाव्यात?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, बडोदे)

आमच्या प्रयोगशाळेत मधुमेही रुग्णांच्या रक्तनमुन्यांवर चार वर्षे काम चालले असून, निष्कर्षांमागचा डेटा कोणत्या ऑनलाइन डेटा-भांडारात ठेवला आहे, हे आता नियतकालिकाने लिहून मागितले आहे. पहिली दोन वर्षे काम करणारे सीनिअर सोडून गेले. त्यांच्या फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवे’ आणि ‘हेच घ्या’ अशा नावांच्या एक्सेल फायली आहेत, आणि कोणता आलेख कोणत्या फायलीवरून काढला हे कोणालाच सांगता येत नाही. त्यातच रुग्णांची संमती ‘या अभ्यासापुरती’ घेतलेली आहे. सुरुवात कुठून करावी, आणि हा डेटा खुला करता येईल का?

उत्तर १ (प्रयोगशाळा व्यवस्थापक, इंदूर)

‘हेच घ्या’ वाचून हसू आले. आमच्याकडे ‘शेवटचे’ नावाची फाईल होती आणि तिच्यानंतरच्या आणखी तीन होत्या. एक्सेल तूर्त बाजूला ठेवा. पीसीआर यंत्राच्या (जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या) आणि एलायझा रीडरच्या (रक्तातील प्रथिनांसारखे घटक मोजणाऱ्या) संगणकांवर यंत्रांनी स्वतः लिहिलेल्या फायली बहुधा अजून असतील. त्या उतरवून घ्या, फक्त वाचता येतील अशा करा आणि प्रत्येकीचा चेकसम (फायलीतील मजकुरावरून संगणक काढतो तो पडताळणीचा आकडा) नोंदवा, म्हणजे पुढे प्रत करताना एक अक्षर बदलले तरी कळेल. मग त्यांवरून आलेखांतील आकडे पुन्हा काढून पाहा. जो आकडा निघत नाही तो निबंधात ठेवू नये, हे गाईडना पटवणे हेच खरे अवघड काम आहे.

जनुकांच्या याद्या असतील तर त्या एक्सेलमध्ये उघडून जतन करू नका. ‘मार्च१’ या जनुकनावाची एक्सेल तारीख करून टाकते. अशा घोटाळ्यांमुळे मानवी जनुकांच्या नामकरण समितीने २०२० साली अशी जनुकनावेच बदलली, पण जुन्या याद्यांत ती तशीच आहेत.

उत्तर २ (नैतिकता समितीचे माजी सदस्य, ग्वाल्हेर)

नाव खोडले म्हणजे ओळख पुसली, असे होत नाही. गाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस आणि एखादा दुर्मीळ आजार हे एकत्र आले की ओळखीच्या माणसाला रुग्ण सहज कळतो. तारखांऐवजी पहिल्या भेटीपासूनचे दिवस लिहा आणि नेमक्या वयाऐवजी वयोगट द्या. नमुना क्रमांक आणि नाव यांची सांगड घालणारी वही जोवर शिल्लक आहे, तोवर तो डेटा सांकेतिक म्हणायचा, अनामिक नव्हे; पुष्कळ निबंधांत हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरलेले दिसतात.

संमतीबाबत प्रयोगशाळेने स्वतः निर्णय घेऊ नये. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही विशिष्ट परिस्थितींत संमतीची अट शिथिल करण्याचा अधिकार नैतिकता समितीला आहे, म्हणून तिच्याकडे रीतसर अर्ज करा. तोवर डेटा कोणाकडे, कोणत्या अटींवर मागता येईल, एवढे निबंधात स्पष्ट लिहा.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. बारा नमुन्यांचे आरएनए सिक्वेन्सिंगही (कोणती जनुके किती सक्रिय आहेत हे कळण्यासाठी आरएनएचा क्रम वाचणे) केले आहे. ते कुठे ठेवावे?

उत्तर ३ (जैवमाहितीशास्त्राचे अध्यापक, बडोदे)

तिथे अधिक जपा, कारण मानवी आरएनएच्या कच्च्या वाचनांतही (यंत्राने वाचलेल्या मूळ क्रमांतही) त्या व्यक्तीचे जनुकीय भेद उमटलेले असतात आणि त्यांवरून नावाशिवायही माणूस ओळखता येऊ शकतो. समितीची परवानगी मिळाल्यावर जनुकनिहाय मोजणीचा तक्ता ‘जिओ’ (जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस) या जनुकीय डेटाच्या भांडारात खुला ठेवता येईल. कच्ची वाचने मात्र नियंत्रित प्रवेश असलेल्या, म्हणजे परवानगी मिळालेल्यांनाच डेटा देणाऱ्या ठिकाणीच द्यावीत. फरीदाबादचे भारतीय जैविक डेटा केंद्र नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले असून तिथे तशी सोय आहे. एलायझाचे तक्ते झेनोडो या खुल्या भांडारावर ठेवल्यास त्यांना डीओआय (संदर्भ देण्यासाठीचा कायमचा ओळखक्रमांक) मिळतो.

परंतु कोणत्याही भांडारात तक्त्यासोबत वाचनपत्रिका (तक्ता कसा वाचावा हे सांगणारी टीप) नसेल तर तो तक्ता परक्याला निरुपयोगी ठरतो: प्रत्येक स्तंभाचे एकक, किटचा लॉट क्रमांक आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य की मोजलेच नाही, हे त्यात हवे. आपल्या गावच्या प्राच्यविद्या मंदिरात जुन्या ग्रंथांचे पाठभेद नोंदताना तो कोणत्या पोथीतला हे खुणेने कळते. आपल्याला स्वतःचीच चार वर्षांपूर्वीची पोथी ओळखू येत नाही.

प्रश्नकर्ती

पीसीआर यंत्राच्या संगणकावर सर्व मूळ फायली मिळाल्या. एलायझाच्या दोन प्लेटच्या मात्र कुठेच नाहीत, आणि तिसरी आकृती त्यांवरच उभी आहे. ती वगळण्याबाबत सोमवारी सरांशी बोलणार आहे. समितीचा अर्ज आज दिला.