संस्थेचे कपाट रिकामे करण्यापूर्वी : गिर्यारोहण संस्थेचा इतिहास कसा लिहावा?

नौपाड्याचा कार्यवाह

सर्वांना नमस्कार. ठाण्यातील आमच्या पदभ्रमण संस्थेने नुकतीच चाळिशी ओलांडली. संस्थेला स्वतःची जागा कधीच नव्हती. सगळे सामान एका ज्येष्ठ सभासदाच्या तळमजल्यावरील खोलीत होते, आणि ती इमारत आता पुनर्विकासाला गेल्यामुळे पावसाळ्यापूर्वी खोली रिकामी करणे भाग आहे. दोन लोखंडी कपाटांत मोहिमांच्या वह्या, पावतीपुस्तके, सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे (४७ ई या मालिकेतील, घड्यांवर फाटलेले), पारदर्शिकांच्या (स्लाइडच्या) डब्या आणि काठीसारखे ताठ झालेले नायलॉनचे दोर आहेत.

या निमित्ताने संस्थेचा इतिहास छापावा, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. ज्येष्ठांच्या मते इतिहास म्हणजे सर केलेल्या सुळक्यांची आणि हिमालयातील शिखरांची यादी. अशी यादी त्यात नाव असलेल्यांखेरीज कोणी वाचणार नाही, असे मला वाटते. तेव्हा काय जपावे, काय टाकावे, आणि संस्थेचा वारसा नेमका कशाला म्हणावे?

आणखी एक अडचण आहे. एका वहीत मुंब्र्याच्या डोंगरावरील सरावाची नोंद अशी आहे : ‘दोर तुटला नाही, मेख निघाली. उजवा घोटा. पुढील रविवारी सराव नेहमीप्रमाणे.’ हे छापू नये, असा आग्रह होत आहे.

पदरवाट

कार्यवाह महोदय, सर्वप्रथम मोहिमांच्या वह्या बाजूला काढा. स्मरणिका नंतर पाहता येतील. आपल्याकडच्या स्मरणिकांत अध्यक्षांचे मनोगत आणि सराफांच्या जाहिराती यांतून उरलेल्या जागेत डोंगर असतो, हे मी स्वतः दोन स्मरणिकांचे संपादन केल्यामुळे सांगू शकतो.

हिमालयन क्लबची स्थापना १९२८ मध्ये झाली आणि १९२९ पासून त्याचे नियतकालिक निघू लागले. कोण कोणत्या खिंडीतून गेले, कोठे अडले, कोणत्या धारेवरून परत फिरले, हे सारे त्यात मांडलेले असल्यामुळे पुढच्या पिढीला त्याचा प्रत्यक्ष उपयोग झाला. सह्याद्रीत फिरणाऱ्या आपल्या संस्थांनी पायपीट कमी केली नाही, पण लिहिले फार थोडे, आणि जे लिहिले ते अशा कपाटांत राहिले. तुमच्या वहीत गोरखगडाची नोंद असेल, तर तीत मुरबाडहून देहरीला जाणारी एसटी किती वाजता सुटायची, गुहेजवळच्या कोणत्या टाक्यातील पाणी पिण्याजोगे होते, हेही बहुधा असेल. त्या चार ओळींत एका काळचा अख्खा मुरबाड तालुका सापडतो.

दुसरे म्हणजे, ‘प्रथम’ हा शब्द जपून वापरा. शहरातून गेलेल्या मंडळींना घाटवाटा ‘सापडल्या’ असे आपण सहज लिहितो. प्रत्यक्षात त्या वाटांवरून ठाकर आणि महादेव कोळी समाजातील माणसांची ये-जा आधीपासून होती, आणि पहिल्या खेपेला आपल्याला वर नेणारा वाटाड्या त्यांच्यापैकीच कोणीतरी होता. स्मरणिकेत त्याचा उल्लेख ‘स्थानिक वाटाड्या’ एवढाच येतो. वहीत मात्र त्याचे नाव सापडण्याची शक्यता असते, कारण त्याला दिलेले पैसे खर्चाच्या पानावर लिहावे लागत. खर्चाची पाने टाकू नका.

अपघाताची नोंद छापावी. ज्यांचा घोटा मोडला, ते हयात असल्यास त्यांची संमती घेऊन, आणि नाव न देता.

बेलापूरचा कातळ

पदरवाट काकांशी मी बव्हंशी सहमत आहे. मात्र सुळक्यांची यादी त्यांनी फारच स्वस्तात काढली. माहुलीच्या किंवा नाणेघाट परिसरातील एखाद्या सुळक्यावर तुमच्या संस्थेने मेखा ठोकल्या असतील, तर कोणत्या वर्षी, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या धातूच्या, ही माहिती आज चढणाऱ्यांच्या जिवाशी निगडित आहे. साध्या पोलादाची मेख इतके पावसाळे काढल्यावर वरून धड दिसते आणि आतून खाल्लेली असते. त्यामुळे यादी अवश्य छापा, पण वीरांची नव्हे, मेखांची. तुमची मुंब्र्याची नोंद तर या यादीत पहिल्याच पानावर यायला हवी.

वारशाविषयी आमच्या खाडीपलीकडचे उदाहरण देतो. गिरिविहार ही मुंबईची संस्था १९५४ मधील, म्हणजे एव्हरेस्टवर पहिल्यांदा माणूस पोहोचला त्याच्या पुढच्याच वर्षीची. १९८८ मध्ये तिने कांचनजंगा या ८,५८६ मीटर उंचीच्या शिखरावर नागरी मोहीम नेली, आणि संस्थेचा विषय निघाला की लोक हेच सांगतात. मला मात्र तिचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. बेलापूरच्या टेकडीवरील, फार तर दोन पुरुष उंचीच्या कातळांवर मुलांना चढायला शिकवणे आणि त्यांच्या स्पर्धा भरवणे, हे तिने वर्षानुवर्षे चालू ठेवले. २०१६ च्या मे महिन्यात वाशीमध्ये बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी खेळाडू कृत्रिम भिंतीवर दोराविना, खाली केवळ गाद्या अंथरून चढत होते, आणि माझ्या शेजारी बसलेली बेलापूरची शाळकरी मुले कोणती पकड कोणत्या हाताने धरावी यावर आपसांत वाद घालत होती. ही समज त्यांना कांचनजंगेने दिलेली नाही.

म्हणून तुमच्या इतिहासात कोणी कोणाला शिकवले, याची साखळी काढता आली तर पाहा. उत्तरकाशीला किंवा दार्जिलिंगला गिर्यारोहणाचा अभ्यासक्रम करून आलेल्या पहिल्या सभासदाने परत आल्यावर किती जणांना बिले द्यायला (म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळायला) शिकवले, आणि त्यांनी पुढे किती जणांना, हे जुन्या शिबिरांच्या हजेरीपत्रकांवरून कळते.

ते ताठ दोर कोणालाही देऊ नका, ‘फक्त सामान बांधायला’ म्हणूनही नाही. कोणीतरी त्यावर लोंबकळतोच. त्यांचे हातभर लांबीचे तुकडे करा. गाठी शिकवायला ते उत्तम.

हिशेबनीस

कोरडा मुद्दा मांडतो, क्षमस्व. संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असेल, तर मूळ नोंदणी प्रमाणपत्रे, घटना, सभांची इतिवृत्ते आणि लेखापरीक्षण अहवाल रद्दीत जाता कामा नयेत. विश्वस्त बदलले की कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. डोंगरवेड्या संस्थांत तो अनेक वर्षे दिलेलाच नसतो, आणि मग मागचे सगळे निस्तरताना ही जुनी इतिवृत्तेच कामी येतात.

नौपाड्याचा कार्यवाह

आपणा सर्वांचा आभारी आहे. काल रात्री खर्चाची पाने चाळली. माहुलीच्या एका नोंदीत ‘वाटाड्या, रु. १५ आणि एक सदरा’ असे आहे. नाव खोडलेले आहे, पण ‘मा’ हे पहिले अक्षर वाचता येते. रविवारी आसनगावला उतरून पायथ्याच्या गावात चौकशी करणार आहे.

घोट्याविषयी ज्येष्ठांशी बोललो. नोंद छापू नये असा आग्रह धरणारे गृहस्थ स्वतःच त्या दिवशी बिले देत होते, हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आहेत. पारदर्शिकांना बुरशी लागली आहे. कोणाकडे स्कॅनर असल्यास शनिवारपूर्वी कळवावे.